कामकऱ्यांचे कैवारी नारायण मेघाजी लोखंडे

मुंबईहून पुण्याकडे निघालेली आगगाडी कर्जत स्थानकात थोडी विसावते. तेथे बहुतेक गाड्यांच्या पाठीशी जादा इंजिने जोडली जातात आणि मग गाडी बोरघाटाची चढण चढू लागते. एका बाजूला उंच कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी आणि मध्येच बोगद्यांचा काळोख, असा तो मार्ग आहे. खंडाळा व लोणावळा ही स्थानके येतात आणि मावळाची थंड हवा अंगाला लागते. गाडीत बसलेली मुले बोगदे मोजतात. परंतु ते बोगदे ज्यांनी फोडले, त्यांची नावे कोणालाच सांगता येत नाहीत.

घाटातील या कामाला १८५६ साली आरंभ झाला आणि १८६३ च्या एप्रिल महिन्यात ते पूर्ण झाले. तोपर्यंत मुंबईकडून येणारे उतारू घाटाच्या पायथ्याशी गाडीतून उतरत, पालखीत वा तट्टावर बसून घाट चढत आणि खंडाळ्यास पुण्याची गाडी धरीत. हे अंतर सांधण्यासाठी सह्याद्रीचा काळा पाषाण सुरुंगांनी फोडून २५ बोगदे खोदावे लागले. १८६१ साली या कामावर सुमारे ४२,००० मजूर राबत होते. कित्येक ठिकाणी पाय ठेवण्यासही जागा नसे. तेव्हा कड्यावरून सोडलेल्या दोराला लोंबकळून मजूर पहारीने भोके पाडीत. कोणी दरीत कोसळले, कोणी सुरुंगाने दगावले, तर कित्येकांना पटकीच्या साथीने नेले.

इतके कष्ट उपसूनही हाती वेळेवर मजुरी पडेल, अशी शाश्वती नव्हती. पैसे मुख्य ठेकेदाराकडून पोटठेकेदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे आणि शेवटी मजुराकडे येत. वाटेत ते कोठे अडकले, हे विचारण्याची सोय नव्हती. अखेर १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल उसळली. सरकारने चौकशी केली आणि त्या ठेकेदाराने लवकरच काम सोडले. पुढील वर्षी मजूर व मालक यांच्या तंट्यांसाठी एक कायदा झाला खरा. परंतु करार मोडणाऱ्या मजुराला तुरुंगात धाडण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती. मजुरांची तक्रार न्याय्य होती, त्यांचा संतापही खरा होता. मात्र आपले म्हणणे नीट मांडील असा एकही माणूस त्या हजारोंमध्ये नव्हता. हिंदुस्थानातील कामकऱ्यांना असा माणूस मिळण्यास आणखी वीस-पंचवीस वर्षे जावी लागली. त्याचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. हे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर गावचे. नारायणराव चारपाच वर्षांचे असताना ठाण्यात एक अपूर्व घटना घडली. १८५३ च्या एप्रिलच्या १६ तारखेस मुंबईच्या बोरीबंदराहून निघालेली हिंदुस्थानातील पहिली उतारूंची आगगाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्यास येऊन पोहोचली. लोहमार्ग, वाफेचे यंत्र आणि वेळेवर चालणारे घड्याळ यांचे नवे युग जणू त्यांच्या गावाच्या वेशीवर येऊन उभे राहिले. याच युगातील माणसांची सुखदुःखे पुढे नारायणरावांच्या आयुष्याचा विषय झाली.

घरची परिस्थिती बेताची असूनही नारायणरावांनी ठाण्यात मॅट्रिकपर्यंत शिक्षण घेतले. त्या काळी एवढे शिक्षण फार थोड्यांना लाभत असे. त्याच्या बळावर त्यांनी आरंभी रेल्वे व टपाल या खात्यांत कारकुनी केली. नंतर ते मुंबईच्या मांडवी भागातील एका कापड गिरणीत भांडारावरील अधिकारी, म्हणजे स्टोअरकीपर, म्हणून नोकरीस लागले. येथे त्यांना नियमित पगार होता आणि मानाची जागा होती. स्वतःचा संसार सांभाळून ते स्वस्थ बसले असते, तरी कोणी त्यांना नाव ठेवले नसते. परंतु भांडाराच्या दारातून त्यांना गिरणी दिसत होती आणि गिरणीत जे दिसत होते, ते त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते.

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी काढली. तिच्यासाठी १८५४ साली कंपनी स्थापन झाली आणि दोन वर्षांनी गिरणी सुरू झाली. पुढे गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. घाट खुला झाल्यावर देशावरचा कापूस आगगाडीने मुंबईस येऊ लागला आणि कापसाबरोबर माणसेही येऊ लागली. कोकणातून गलबतांनी आणि देशावरून आगगाडीने, दुष्काळाने व कर्जाने गांजलेले शेतकरी मुंबईत उतरत. गावाकडे नांगर धरणारे हात येथे यंत्रावर काम करू लागले.

गिरणीचा दिवस सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला संपे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम तेरा-चौदा तासांचे होई. दुपारी भाकरी खाण्यासाठी यंत्र थांबविण्याची पद्धत नव्हती. कामकरी यंत्रावर एक डोळा ठेवून दोन घास पोटात ढकलीत. हवेत कापसाचे तंतू तरंगत आणि ते श्वासाबरोबर छातीत जात. फिरणाऱ्या पट्ट्यांत हात सापडला, तर हातही जाई आणि नोकरीही जाई. लहान मुलेही गिरणीत राबत. पगार महिना उलटून कित्येक दिवस गेल्यावर मिळे आणि त्यातूनही दंडाची रक्कम कापली जाई. सुटीचा ठराविक वार नव्हता. एखाद्या रविवारी गिरणी बंद असली, तरी यंत्रे पुसून साफ करण्यासाठी कामकऱ्यांना अर्धा दिवस बोलावून घेत. घाटातील मजुराचे दुःख गिरणीच्या कामकऱ्यापर्यंत येऊन पोहोचले होते. फक्त डोक्यावर छप्पर आले होते.

याच सुमारास नारायणरावांचा महात्मा जोतीराव फुले यांच्या कार्याशी संबंध आला. जोतीरावांनी १८७३ च्या सप्टेंबरच्या २४ तारखेस पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली होती. शूद्रातिशूद्रांनी शिकावे, स्वतःच्या बुद्धीने विचार करावा आणि कोणाच्याही पुढे लाचार होऊ नये, अशी त्यांची शिकवण होती. नारायणरावांनी ती मनापासून स्वीकारली आणि मुंबईत समाजाचे काम सुरू केले. शिकलेल्या माणसाने आपली विद्या न शिकलेल्यांच्या उपयोगी आणली पाहिजे, हे तत्त्व त्यांनी पुढे आयुष्यभर पाळले.

पुण्यात कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली 'दीनबंधू' नावाचे वर्तमानपत्र सुरू केले होते. शेतकरी व कष्टकरी यांची बाजू मांडणारे हे पत्र पैशाच्या अडचणीमुळे बंद पडले. १८८० च्या मे महिन्यात नारायणरावांनी ते मुंबईत पुन्हा सुरू केले आणि अखेरपर्यंत त्याचे संपादन केले. असे पत्र चालविणे सोपे नव्हते. ज्यांच्यासाठी ते लिहिले जाई, त्यांतील बहुतेकांना वाचता येत नव्हते आणि विकत घेण्यास पैसेही नव्हते. तरीही नारायणराव शेतकऱ्याच्या कर्जाविषयी, कामकऱ्याच्या पगाराविषयी आणि मुलांच्या शिक्षणाविषयी नेटाने लिहीत राहिले.

१८८१ साली सरकारने कारखान्यांसाठी पहिला कायदा केला. सोराबजी शापुरजी बंगाली या परोपकारी गृहस्थांनी त्यासाठी बरीच खटपट केली होती. या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात काम देण्यास बंदी झाली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आले. प्रौढ स्त्रीपुरुषांसाठी मात्र कामाच्या तासांची कोणतीही मर्यादा त्यात नव्हती.

कायदा अपुरा होता, परंतु तो सुधारण्याची मागणी करणे अवघड होते. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये लँकेशायर प्रांतात कापडाच्या मोठमोठ्या गिरण्या होत्या. मुंबईच्या गिरण्या आपल्याशी स्पर्धा करू लागल्या, हे तेथील मालकांना खुपत होते. म्हणून हिंदुस्थानातील गिरण्यांवर कायद्याने बंधने घालावीत, असा आग्रह तेही धरीत होते. त्यामुळे येथील अनेक पुढारी आणि देशी वर्तमानपत्रे कारखान्यांच्या कायद्यांना विरोध करीत. असे कायदे झाले तर आपला कोवळा धंदा बुडेल आणि परक्यांचे फावेल, अशी भीती त्यांना वाटे. ही भीती अगदीच निराधार नव्हती. अशा वेळी कामकऱ्याची बाजू घेणाऱ्यावर देशी धंद्याचा शत्रू असा आरोप येण्याचा संभव होता. नारायणरावांनी तो पत्करला. परक्यांचा हेतू कोणताही असो, कामकऱ्याची थकलेली पाठ आणि त्याच्या मुलाची उपाशी झोप या गोष्टी खऱ्या आहेत, आणि खऱ्या दुःखावर उपाय झालाच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती.

१८८४ साली मुंबई सरकारने गिरण्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला. आयोगापुढे मालक आपले म्हणणे मांडतील, अधिकारी आपले अहवाल ठेवतील; परंतु कामकऱ्याचे काय? नारायणरावांनी ही संधी ओळखली. त्यांनी १८८४ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत कामकऱ्यांच्या सभा भरविल्या. यंत्रांच्या खडखडाटात ज्यांचा आवाज कधी कोणाला ऐकू गेला नव्हता, ती माणसे एकत्र बसून आपल्या अडचणींचा विचार करू लागली. त्या विचारातून एक अर्ज तयार झाला आणि सुमारे ५,५०० कामकऱ्यांनी त्यावर आपली संमती नोंदविली.

त्या अर्जात पाच मागण्या होत्या. दर रविवारी कामकऱ्यांना पूर्ण दिवसाची सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. गिरणीचे काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. एका महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती पडावा. काम करताना कोणी जबर जखमी झाला, तर तो बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा अपंग झाला, तर त्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी. आज या मागण्या वाचताना त्या किती साध्या होत्या, याचे आश्चर्य वाटते. परंतु मागणी जितकी साधी व स्पष्ट असेल, तितके तिला नाकारणे कठीण जाते, हे नारायणरावांनी जाणले होते.

या कार्यातून 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' ही गिरणीकामकऱ्यांची संघटना उदयास आली आणि नारायणराव तिचे अध्यक्ष झाले. भारतातील कामगार चळवळीचा आरंभ येथूनच झाला, असे मानले जाते. आजच्या कामगार संघांसारखी मात्र ती नव्हती. तिच्याजवळ सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, नियमांचे पुस्तक नव्हते आणि निधीही नव्हता. कामकरी आपले गाऱ्हाणे घेऊन येत. नारायणराव ते ऐकून घेत, कागदावर उतरवीत आणि योग्य त्या ठिकाणी पोहोचवीत. एका माणसाच्या निष्ठेवर ती संघटना उभी होती. हेच तिचे बळ होते आणि हाच तिचा दुबळेपणाही होता.

१८८४ च्या अर्जाचे फळ लगेच पदरात पडले नाही. आयोगाचे काम संपले, वर्षे गेली आणि कायदा आहे तसाच राहिला. पाच-सहा वर्षे काहीच घडत नाही, असे पाहून दुसरा एखादा निराश झाला असता. नारायणराव सभा घेत राहिले, लिहीत राहिले, अर्ज करीत राहिले.

१८९० च्या एप्रिलच्या २४ तारखेस मुंबईत महालक्ष्मी येथे कामकऱ्यांची एक विराट सभा भरली. सुमारे १०,००० कामकरी तिला जमले होते. विशेष असे की, दोन कामकरी स्त्रियाही त्या सभेत बोलल्या. स्त्रीने चारचौघांत तोंड उघडू नये, असे मानणाऱ्या त्या काळात गिरणीत राबणाऱ्या स्त्रिया हजारोंच्या पुढे उभ्या राहून आपले म्हणणे मांडीत होत्या. सभेने साप्ताहिक सुटीची मागणी एकमुखाने केली आणि ती गिरणीमालकांच्या संघाकडे धाडण्यात आली. बोरघाटात तीस वर्षांपूर्वी माणसे जमली होती, तीही मोठ्या संख्येनेच. परंतु तेथे दंगल झाली आणि येथे ठराव झाला. या दोन जमावांमध्ये जो फरक पडला, तो नारायणरावांच्या अनेक वर्षांच्या परिश्रमांचे फळ होता.

या वेळी मागणी अव्हेरता आली नाही. १८९० च्या जूनच्या १० तारखेस गिरणीमालकांच्या संघाने दर रविवारी सुटी देण्याचे मान्य केले. रविवार हा खंडोबाचा वार. देशावरच्या कष्टकऱ्यांना तो अगोदरच प्रिय होता. आता तो त्यांना देवदर्शनाला, मुलाबाळांत बसायला, पत्रे लिहवून घ्यायला, सभेला जायला आणि स्वस्थ झोपायलाही मिळाला. पूर्वी सारे सात दिवस मालकाचे असत. आता त्यांतील एक दिवस माणसाचा स्वतःचा झाला.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने कारखान्यांविषयी नवा आयोग नेमला. त्याच्या मुंबईतील कामात साहाय्य करण्यासाठी नारायणरावांची नेमणूक झाली. त्यानंतर १८९१ साली नवा कायदा झाला. त्याने साप्ताहिक सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांना कायद्याचा आधार मिळाला. स्त्रियांसाठी दिवसाला अकरा तासांची मर्यादा ठरली. नऊ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी आली आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे काम सात तासांवर आणले गेले. नऊ वर्षांच्या मुलाने सात तास राबावे, हे आज आपल्याला क्रूर वाटते. परंतु त्या काळी तेवढेही मोठ्या कष्टाने मिळाले होते.

नारायणरावांचे कार्य गिरणीच्या भिंतींपुरते नव्हते. विधवेचे केशवपन करण्याची दुष्ट रूढी त्या काळी काही जातींत होती. ती मोडावी म्हणून त्यांनी १८९० साली मुंबईत नाभिकांची सभा भरविली आणि विधवांच्या मस्तकाला वस्तरा लावायचा नाही, असा निश्चय त्यांच्याकडून करविला. रूढीविरुद्ध व्याख्याने अनेकांनी दिली होती. परंतु ज्यांच्या हाती वस्तरा होता, त्यांनाच विचारावे, ही कल्पना कष्टकऱ्यांमध्ये वावरणाऱ्या माणसालाच सुचली. १८९३ साली मुंबईत हिंदू व मुसलमान यांच्यात भयंकर दंगा झाला, तेव्हा दोन्ही समाजांतील लोकांना एकत्र आणून सलोखा घडविण्यासाठी त्यांनी राणीच्या बागेत सभा घेतली. सरकारने त्यांना पुढे रावबहादूर ही पदवी दिली. पदवी मिळाल्यावरही त्यांच्याकडे येणारी माणसे तीच राहिली आणि त्यांचे कामही तेच राहिले.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. भीतीने लोक शहर सोडून पळू लागले. आगगाड्या भरभरून माणसे घाट चढून देशाकडे जाऊ लागली. ज्यांना जाण्यासारखे ठिकाण नव्हते, असे गरीब कामकरी चाळींतच राहिले. नारायणरावांना निघून जाणे शक्य होते; पण ते मागे राहिले. त्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी रुग्णालय उघडण्यात पुढाकार घेतला आणि रोग्यांच्या सेवेत स्वतःला वाहून घेतले. ज्या रोगाशी ते झुंजत होते, त्यानेच अखेर त्यांना गाठले. १८९७ च्या फेब्रुवारीच्या ९ तारखेस वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षाच्या आसपास त्यांचे निधन झाले.

एका माणसाच्या निष्ठेवर उभी असलेली संघटना त्या माणसाबरोबरच मावळली. नियम, वर्गणी आणि सभासद असलेले कामगार संघ उभे राहण्यास पुढील पिढी यावी लागली. परंतु १८८४ च्या अर्जातील मागण्या मेल्या नव्हत्या. कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला १९११ च्या कायद्याने प्रथमच बारा तासांची मर्यादा पडली. कामावर जखमी होणाऱ्या कामगारास भरपाई देण्याचा कायदा १९२३ साली झाला. कामगार संघांना १९२६ साली कायद्याची मान्यता मिळाली. पगार ठराविक तारखेच्या आत दिलाच पाहिजे, असा कायदा १९३६ साली झाला आणि तो कारखान्यांप्रमाणे रेल्वेलाही लागू करण्यात आला. ज्या घाटात थकलेल्या मजुरीसाठी माणसांनी दंगल केली होती, त्याच घाटातील रेल्वे कामगाराला पगाराची तारीख मिळाली. त्यासाठी मध्ये पाऊणशेहून अधिक वर्षे जावी लागली.

भारत सरकारने २००५ साली नारायणरावांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मुंबईत परळ येथे कामगारविषयक शिक्षण देणारी महाराष्ट्र शासनाची संस्था आहे, तिलाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांनी फार मोठे सैन्य उभारले नाही किंवा फार मोठी सत्ता मिळविली नाही. हजारो मुक्या माणसांचे दुःख त्यांनी ऐकून घेतले, ते पाच स्पष्ट वाक्यांत मांडले आणि उत्तर मिळेपर्यंत ते मांडत राहिले. रविवारी शाळेला सुटी असते, आईवडील घरी असतात आणि घर भरल्यासारखे वाटते. ते सुख आपल्याला मिळावे म्हणून एक माणूस वर्षानुवर्षे झिजला, ही जाणीव आपण मनात जपली पाहिजे.